सायप्रसच्या अकामासमध्ये स्वतः जीप चालवण्याची छोट्या गटातली सहल : करावी की टाळावी?

शंकासुर :

नमस्कार मंडळी. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, नववीतली मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई, आठ दिवसांसाठी सायप्रसला जाणार आहोत. मुक्काम पाफोस शहरात आहे. तेथून बेटाच्या वायव्य टोकाला असलेल्या अकामास द्वीपकल्पात जाणाऱ्या अनेक सहली दिसल्या, त्यांपैकी एकीने माझे लक्ष वेधून घेतले. या सहलीत चार ते सहा जीपगाड्यांचा ताफा असतो. सर्वांत पुढची जीप मार्गदर्शक चालवतो आणि मागच्या गाड्या पर्यटकांनी स्वतः चालवायच्या असतात. प्रत्येक गाडीत एक वॉकी-टॉकी दिलेला असतो. सकाळी पाफोसहून निघून काथिकास, ओसाड पडलेले अँड्रोलिकू गाव, अफ्रोदिती या ग्रीक देवीचे स्नानकुंड, लाची बंदरावर जेवण आणि परतताना लारा समुद्रकिनारा असा दिवसभराचा कार्यक्रम आहे.

मी पुण्यात अठरा वर्षे गाडी चालवतो आहे, परंतु चारही चाकांना शक्ती देणारी गाडी आजवर कधी हाताळलेली नाही. ज्यांनी अशी सहल केली आहे त्यांनी मोकळेपणाने सांगावे : स्वतः चालवण्यात खरोखर काही अर्थ आहे का, की मार्गदर्शकाच्या गाडीत मागे बसून डोंगर पाहावेत हे अधिक शहाणपणाचे? आईला सोबत न्यावे का, हाही प्रश्न आहेच.

दर्यावर्दी :

पुण्यात अठरा वर्षे गाडी चालवून आपण सुखरूप असाल, तर अकामासच्या बकऱ्यांनीच आपल्याला घाबरायला हवे.

लिमासोलकर :

शंकासुर, मी गेली अकरा वर्षे लिमासोलमध्ये जहाज व्यवस्थापनाच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि अकामासला दरवर्षी दोन-तीनदा जाणे होतेच, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली सोयीची गोष्ट अशी की येथे वाहने डाव्या बाजूनेच चालतात आणि सुकाणू उजवीकडे असते. १८७८ पासून १९६० पर्यंत येथे इंग्रजांचा अंमल होता, त्याची ही देणगी. युरोपातल्या बहुतेक देशांत आपल्या माणसाला पहिले दोन दिवस गोल चौकात जो घाम फुटतो, तो येथे फुटत नाही. भाड्याच्या गाड्यांना लाल रंगाच्या पाट्या असतात. स्थानिक चालक त्या ओळखून असतात आणि आपल्यापासून जरा अंतर राखूनच चालतात, याचे वाईट वाटून घेऊ नये. मूळ परवान्यासोबत आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणावा. अनामत रक्कम बहुधा चालकाच्याच नावावरील क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दाखवून काउंटरवर वाद घालणारे आपले बांधव मी पाहिले आहेत.

आता मुख्य मुद्दा. अकामासच्या मुख्य भागात डांबरी रस्ता नाही. लाराकडे जाणारी वाट आयिओस गेओर्गिओस गावाच्या पुढे कच्ची होते आणि साध्या मोटारीच्या भाडेकरारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास सहसा मनाई लिहिलेली असते. जीप भाड्याने घेतली तरी टायर, काचा आणि गाडीचे बूड यांचे नुकसान विम्यातून वगळलेले असू शकते, आणि या रस्त्यावर नुकसान होते ते नेमके टायरचे आणि बुडाचे. तेव्हा आपण ज्या सहलीचे वर्णन केले आहे तिच्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वॉकी-टॉकी नसून, त्यांच्या करारात टायर आणि बूड यांची जबाबदारी कोणावर टाकली आहे, ते वाक्य आहे. ते लेखी मागून घ्या.

खडीसाखर :

आम्ही दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अगदी अशीच ताफ्याची सहल केली होती. पाच गाड्या होत्या आणि आमचा क्रमांक चौथा होता. चौथ्या क्रमांकाचा अर्थ मला तेथे गेल्यावर कळला. पुढच्या तीन गाड्यांनी उडवलेली पांढरी धूळ आम्ही दिवसभर श्वासातून, केसांतून आणि दुपारच्या सॅलडमधून घेतली. जीपचे छत कापडी होते आणि खिडक्या नावापुरत्या होत्या. उतरल्यावर यजमानांकडे पाहून मुलाने विचारले की बाबा एका दिवसात म्हातारे कसे झाले.

तरीसुद्धा मी पुन्हा करीन. अँड्रोलिकू गावात आम्ही पाऊण तास थांबलो होतो. तेथे तुर्की सायप्रियट कुटुंबे राहत असत. १९७४ च्या युद्धानंतर बेटाची फाळणी झाली तेव्हा ती उत्तरेकडे निघून गेली आणि घरे तशीच राहिली. दगडी भिंती उभ्या आहेत, छपरे कोसळली आहेत, आणि एखाद्या घराच्या ओट्यावर बकरी अशी बसलेली असते की जणू सातबारा तिच्याच नावावर आहे. मार्गदर्शकाने गाड्या गावाबाहेर बंद करायला लावल्या. इंजिने थांबल्यावर गळ्यातल्या घंटांचा आवाज येऊ लागला.

माझी तक्रार एकच आहे, आणि ती शंकासुर यांच्या मूळ प्रश्नाशी संबंधित आहे. आपण सुकाणू धरलेले असते, परंतु थांबावे कोठे हे आपल्या हाती नसते. एका वळणावर समुद्र असा काही दिसला की ह्यांनी गाडी थांबवली, तर लगेच वॉकी-टॉकीवरून चौथी गाडी कोठे आहे अशी विचारणा सुरू झाली. स्वतः चालवणे आणि स्वतःच्या मर्जीने चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ठाऊक असावे.

घाटवाट :

खडीसाखर यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. ताफ्याने एकत्र राहणे ही मार्गदर्शकाची हौस नसते. अनेक फाट्यांवर पाटी नसते आणि पर्यटक चुकला तर त्याला शोधण्यात सर्वांचा दिवस जातो.

चालवण्याविषयी थोडे सांगतो. मला सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांचा सराव होता, तरी अकामासची जमीन वेगळी वाटली. वर सुटी खडी आणि खाली कठीण चुनखडी असल्यामुळे चाक घसरते ते अनपेक्षितपणे. आपल्याकडच्या जुन्या ट्रकचालकांचा जो नियम आहे, की घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, तो येथे तंतोतंत लागू पडतो. तीव्र उतारावर खालच्या टप्प्याचा चौचाकी गिअर टाकून पाय ब्रेकवरून काढून घ्यावा आणि इंजिनालाच गाडी आवरू द्यावी. घाबरून ब्रेक दाबून ठेवला तर चाके अडकतात आणि गाडी खडीवरून घसरगुंडीसारखी खाली जाते. सुकाणू धरताना अंगठे आतल्या आड्यांत अडकवू नयेत, कारण चाक दगडावर आपटले की सुकाणू झटक्याने फिरते. कोरड्या, कडक डांबरावर परतताच मात्र चौचाकी गिअर आठवणीने काढावा, नाहीतर वळणावर गाडी अडखळते आणि यंत्रणेवर ताण येतो.

गाडी बहुधा सुझुकी जिम्नी मिळेल. आपल्या जुन्या जिप्सीचीच ती नात्यातली आहे, त्यामुळे परके वाटणार नाही. धुळीपासून बचावाचा उपाय मात्र साधा आहे : पुढच्या गाडीपासून एवढे अंतर ठेवावे की तिची धूळ वाऱ्याने बाजूला झालेली असेल. खडीसाखर यांचे यजमान बहुधा बंपरला बंपर लावून चालत असावेत.

खडीसाखर :

ह्यांनी हे वाचले असून ते गप्प आहेत, म्हणजे घाटवाट यांचा अंदाज बरोबर आहे.

मोगरा :

कोणीच आईंविषयी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांना आम्ही क्रीटमध्ये अशाच एका जीपमधून नेले होते आणि त्यानंतर त्यांना तीन दिवस पाठीला शेक द्यावा लागला. छोट्या जीपची मागची बैठक थेट मागच्या आसावर येते, त्यामुळे प्रत्येक खड्डा तेथे दुप्पट लागतो. शिवाय दोनच दारे असतील तर पुढची खुर्ची दुमडून वाकून आत शिरावे लागते, आणि दिवसातून दहा वेळा चढ-उतार करायचा म्हणजे ज्येष्ठांच्या गुडघ्यांची परीक्षाच. वाटेत स्वच्छतागृह फक्त जेवणाच्या आणि मोठ्या थांब्यांवरच असते, हेही विसरू नये.

माझी सूचना अशी आहे की आईंना मार्गदर्शकाच्या गाडीत पुढच्या खुर्चीवर बसवता येईल का, असे सरळ विचारावे. ती गाडी बहुधा मोठी असते, त्याचा हात रस्त्यावर बसलेला असतो, आणि पुढच्या गाडीला धूळ अजिबात लागत नाही.

हिरवा_चाफा :

मला या धाग्यात एक विसंवादी सूर लावायचा आहे. अकामास हा सायप्रसचा जवळजवळ शेवटचा मोकळा राहिलेला किनारी प्रदेश आहे. लाराच्या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवे आणि लॉगरहेड कासवे अंडी घालतात आणि १९७८ पासून तेथे संवर्धनाचे काम चालू आहे. कासवाच्या मादीला प्रौढ व्हायला पंचवीस-तीस वर्षे लागतात. अशा ठिकाणी दिवसाला जीपचे ताफेच्या ताफे नेऊन धूळ उडवणे आणि त्याला निसर्गदर्शन म्हणणे मला पटत नाही. वेळास आणि आंजर्ले येथे आपल्या लोकांनी कासवे जपली, ती पायी चालत जपली. आपण अफ्रोदितीच्या कुंडापासून सुरू होणाऱ्या पायवाटांनी चालत का जात नाही?

घाटवाट :

एकाहत्तर वर्षांच्या आईंना घेऊन?

हिरवा_चाफा :

आईंना कुंडापर्यंतच न्यावे. वाहनतळापासून ते अंतर थोडेच आहे, वाट सोपी आहे आणि अंजिराच्या झाडाखाली सावलीही आहे. बाकीच्यांना तर पाय आहेत ना?

लिमासोलकर :

हिरवा_चाफा यांचा आक्षेप रास्त आहे, आणि तो स्थानिक लोकांतही आहे. पण दोन गोष्टी नोंदवतो. लाराच्या वाळूवर वाहन नेण्यास बंदी आहे. जून ते सप्टेंबर या काळात तेथे रात्री थांबणे आणि वाळूत छत्र्या रोवणे यांनाही मनाई असते, कारण छत्रीचा दांडा घरट्यात घुसू शकतो. घरट्यांवर कोल्ह्यांपासून रक्षण करण्यासाठी जाळीचे पिंजरे ठेवलेले दिसतात. चांगला मार्गदर्शक गाड्या वर उभ्या करून लोकांना चालत खाली नेतो. वाईट मार्गदर्शक काय करतो ते कासवांना विचारा. छोट्या गटाची सहल निवडताना हे विचारून घेणे आपल्या हाती आहे.

दुसरी गोष्ट गमतीची आणि थोडी कडू आहे. अकामासचा बराचसा भाग मोकळा राहिला याचे एक कारण असे की स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे ब्रिटिश सैन्य त्याचा वापर गोळीबाराच्या सरावासाठी करत असे. जेथे तोफगोळे पडतात तेथे कोणी हॉटेल बांधत नाही. वाटेत न फुटलेल्या दारूगोळ्याबद्दल इशारा देणारी पाटी दिसली तर ती जुनी म्हणून हसण्यावारी नेऊ नका आणि मळलेली वाट सोडून झुडपांत शिरू नका.

दर्यावर्दी :

सैन्याचा विषय निघालाच आहे तर एक आठवण नोंदवतो. जहाजावर असताना लार्नाका बंदरात उतरलो होतो आणि टॅक्सीतून जाताना रस्त्याच्या पाटीवर जनरल थिमय्या यांचे नाव वाचून थबकलो. ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांतल्या संघर्षामुळे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना १९६४ मध्ये सायप्रसमध्ये आली, तिचे पहिले सेनापती भारताचे जनरल ग्यानी होते. त्यांच्यानंतर जनरल थिमय्या आले, आणि डिसेंबर १९६५ मध्ये याच बेटावर, कर्तव्यावर असताना त्यांचे निधन झाले. पुढे जनरल प्रेमचंद यांनीही हे पद सांभाळले. अँड्रोलिकूची ओसाड घरे पाहताना हा धागा मनात असेल तर ते केवळ छायाचित्राचे ठिकाण राहत नाही.

चौथा_गिअर :

याच अनुषंगाने विचारतो, भाड्याची जीप घेऊन फाळणीनंतर तुर्की ताब्यात असलेल्या उत्तर भागात जाता येते का?

लिमासोलकर :

२००३ पासून ओलांडणीची ठिकाणे उघडी आहेत आणि पासपोर्ट दाखवून जाता येते. मात्र दक्षिणेत घेतलेल्या गाडीचा विमा तेथे चालत नाही, नाक्यावर वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि तो फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरता असतो. अनेक भाडे कंपन्या गाडी नेण्यास परवानगीच देत नाहीत. शिवाय व्हिसाच्या दृष्टीने बेटावर प्रवेश दक्षिणेतील विमानतळावरूनच करावा. उत्तरेतून केलेला प्रवेश सायप्रस प्रजासत्ताक वैध मानत नाही. शंकासुर यांना आठ दिवसांत हा उद्योग करण्याची गरज नाही. विभागलेल्या राजधानीत, निकोसियात, पायी ओलांडून यावे.

मोगरा :

आम्ही दोन दिवस पोलिस गावी मुक्काम केला होता. घरी फोन करून "आम्ही दोन दिवस पोलिसमध्ये आहोत" असे सांगितल्यावर सासूबाईंनी प्रथम वकिलाचा शोध घेतला आणि नंतर आम्हाला परत फोन केला.

खडीसाखर :

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. जेवणात भाजलेले हलूमी चीज हमखास येते. चवीला आणि दातांखालच्या किरकिरीला ते फार सुंदर लागते. मात्र दूध साकळण्यासाठी प्राणिजन्य रेनेट वापरले आहे की अन्य काही, हे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांनी आधी विचारावे. आम्ही विचारले नव्हते आणि आता विचारणार नाही.

घाटवाट :

दिवाळीच्या सुट्टीबद्दल कोणी बोलले नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथे घड्याळे एक तास मागे जातात आणि सूर्यास्त पाच वाजण्याच्या सुमारास होतो. त्यामुळे लारा शेवटी ठेवलेली सहल असेल तर निघण्याची वेळ नीट पाहा, अंधारात त्या वाटेवर नवख्याने चालवू नये. याच सुमारास पहिला पाऊस येऊ शकतो. कोरडी असताना जी माती धूळ होऊन उडते, तीच ओली झाल्यावर साबणासारखी होते. पाऊस झाला तर सहल रद्द करतात की मार्ग बदलतात, आणि पैसे परत मिळतात का, हेही लेखी घ्यावे.

आणि शेवटी माझे वेगळे मत : हात थोडा बसला की ताफा सोडून लाचीतून एका दिवसासाठी स्वतंत्र जीप घ्यावी. मग खडीसाखर यांच्या यजमानांना हव्या त्या वळणावर थांबता येईल.

लिमासोलकर :

हात बसलेल्यांसाठी ठीक. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकट्याने कच्च्या वाटेवर जाऊ नये असे माझे मत आहे. तेथे मोबाइलचे जाळे सर्वत्र मिळत नाही, टायर फुटला तर बदलणारे आपणच, आणि जॅक कोठे ठेवला आहे ते अनेकांना टायर फुटल्यावरच कळते. ताफ्यात निदान सहा जण सल्ला द्यायला तरी उभे असतात.

शंकासुर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहल आयोजित करणाऱ्यांना करार, पाऊस आणि आईची बैठक या तिन्ही गोष्टी विचारून पत्र पाठवले आहे. हिरवा_चाफा, लाराला गाड्या वरच उभ्या करतो असे त्यांनी कळवले आहे. ते खरे आहे का ते पाहून सांगेन.

शंकासुर :

धागा वर काढतो आहे, कारण परत येऊन दहा दिवस झाले आणि वचन दिले होते.

सहल केली. एकूण चार गाड्या होत्या आणि आमची तिसरी होती. एका टायरचे नुकसान त्यांच्याकडे, बुडाचे आमच्याकडे, असे लेखी उत्तर आले होते. त्यामुळे सकाळी निघण्यापूर्वी मी गाडीखाली मोबाइल घालून बुडाची छायाचित्रे काढली. मार्गदर्शक हसला, पण अडवले नाही. आई त्याच्या गाडीत पुढे बसली, मोगरा यांना तिचे विशेष आशीर्वाद आहेत. त्याला इंग्रजी येत होते, आईला मराठी, तरी दिवसाअखेर त्याला किती मुले आहेत आणि थोरलीचे लग्न का लांबले आहे हे आईला ठाऊक होते.

पहिला तास मी अतिशय वाईट चालवली. काथिकास सोडून कच्ची वाट लागल्यावर पहिल्याच उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी दोन हात घसरली, तेव्हा घाटवाट यांचे वाक्य पत्नीनेच मोठ्याने वाचून दाखवले, ते तिने उतरवून आणले होते. त्यानंतर पाय दूर ठेवला आणि इंजिनाने गाडी खरोखरच हाताला धरून खाली नेली. वॉकी-टॉकी मुलीच्या ताब्यात होता. तिसऱ्या गाडीकडून येणाऱ्या निवेदनांची संख्या वाढल्यावर मार्गदर्शकाने ते केवळ आणीबाणीसाठी असल्याची आठवण करून दिली.

अँड्रोलिकूच्या अलीकडे उघड्या माळावर पाने नसलेल्या उंच पांढऱ्या फुलोऱ्यांचे दांडे उभे होते. आईने गाडीतून उतरून खालचा कांदा पायाने उकरला आणि हा कोळकांदा आहे, आमच्या गावच्या माळावर असतो, असे ठामपणे सांगितले. मार्गदर्शक त्याला समुद्रकांदा म्हणाला. नंतर मी शोधले तेव्हा दोन्ही एकाच कुळीतले निघाले.

दुपारी दोनच्या सुमारास लाचीला असताना पाऊस आला. फक्त वीस मिनिटे पडला, पण मार्गदर्शकाने लाराची वाट रद्द केली आणि आम्हाला डांबरी रस्त्याने आयिओस गेओर्गिओसपर्यंत फिरवून आणले. दोघे पर्यटक नाराज झाले. मीही आधी झालो, परंतु तेथे एक भाड्याची जीप कच्च्या वाटेवरून परतताना दिसली, तिच्या दारांच्या मुठीसुद्धा चिखलाने माखलेल्या होत्या आणि आतले जोडपे एकमेकांशी बोलत नव्हते. दोन दिवसांनी जमीन वाळल्यावर लिमासोलकर यांच्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याबरोबर आम्ही लाराला गेलो. गाडी वर उभी केली, खाली चालत गेलो. हिरवा_चाफा, किनाऱ्यावर कोणीच नव्हते आणि हंगाम संपल्याने जाळीचे पिंजरे एका बाजूला रचून ठेवलेले होते. पुढच्या वेळी कुंडापासूनची पायवाट करायची असे मुलीने ठरवले आहे.

खडीसाखर, तुमच्यासाठी लाचीत हलूमीच्या रेनेटची चौकशी केली. वाढपी मुलगा आत विचारायला गेला, पाच मिनिटांनी परत आला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला की ते चीज आहे.

खडीसाखर :

आता माझ्या मनात काहीही शंका उरलेली नाही.